सहा बोटं कमी

मी बोरीची काठी बोलतेय, सौंसरच्या कलाबाईच्या हातातली. माझी उंची सहा बोटांनी कमी झालीय, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. आधी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मला घडवलं तिच्या यजमानांनी, तुळशीरामांनी. माणूस ताडमाड उंच, संत्र्याच्या बागेचा राखणदार. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा बांधावरच्या बोरीची फांदी तोडून त्यांनी मला तासलं. बारा वर्षं त्यांचा तळवा माझ्या माथ्यावर घासला. तिथं मी अजून गुळगुळीत आहे. ते गेले आणि मी खुंटीला लटकले. कलाबाई मला रोज पदरानं पुसायची, पण हातात कधी घेतलं नाही.

१९८६च्या दिवाळीआधी ओल्या सारवणावर तिचा पाय सटकला. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन होऊन आत सळई बसली. तीन महिन्यांनी वॉकर सुटला आणि मी खुंटीवरून उतरले. मुलगा सुधाकर छिंदवाड्याला नोकरीला. त्याचं म्हणणं, आईनं घराला कुलूप लावून तिकडेच राहावं. ती ऐकेना. शेवटी ठरलं, डॉक्टर म्हणतील तसं.

डॉक्टरांची परीक्षा साधी होती. खुर्चीवरून उठायचं, दारापर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. आमच्या बाईसाहेबांनी काय करावं? मोठ्या माणसापुढे काठी टेकत जाणं बरं दिसत नाही म्हणून मला बाहेर चपलांपाशी ठेवलं! आत भिंत धरधरून चालली आणि वळताना टेबलावर कोलमडली. चपलांत पडल्या पडल्या मी ऐकलं, "यांना एकटं ठेवता येणार नाही." मला तर रडूच आलं.

मग डॉक्टरांनी काठीचं विचारलं, तेव्हा कुठे मी आत गेले. बाईनं मला धरलं तेही दुखऱ्या बाजूच्या हातात, आणि मी इतकी उंच की तिचा खांदा कानाला टेकला. काठी डाव्या हातात हवी, मनगटाइतक्याच उंचीची हवी, सहा बोटं कापून पंधरा दिवसांनी या, असं डॉक्टर म्हणाले.

"ह्यायची काठी हाय ते. कापाची नाही," ती म्हणाली.

दोन दिवस ती मला मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिनं कवडू सुताराला बोलावलं, ताठ उभी राहिली आणि मनगटाचं माप घ्यायला लावलं.

"बुडाकडून काप, कवडू. माह्या घरात मले राहाचं हाय. हे असते तं ह्यायनंच करवत आणली असती."

करवत लागली तेव्हा मी डोळे मिटले. कापलेला तुकडा तिनं चुलीत सारला आणि त्यावर कवडूचा चहा ठेवला. मग रोज अंगणापासून विहिरीपर्यंत आमच्या फेऱ्या. आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची.

पंधरा दिवसांनी मी तिच्यासोबतच आत गेले. ती उठली, दारापर्यंत गेली, वळली, परत येऊन बसली. डॉक्टरांनी विचारलं, हात नीट बसतो का?

"बसते. ह्यायनं जागा घासूनच ठेवली हाय."

डॉक्टर सुधाकरला म्हणाले, राहू द्या आईला घरीच.

तुमच्याकडे कुणी पडलं तर काठी मनगटाशी मापून द्या, आणि तिला चपलांत टाकू नका. छिंदवाड्याला आम्हीही जातो. चार दिवस, पाहुण्या म्हणून.