चिकटपट्टीआडचा दिवा

मी दिवा बोलतोय. घरातला नव्हे, रस्त्यावरचाही नव्हे. गाडीत स्टिअरिंगच्या मागे जी काच असते, तिच्याआड आम्ही सात-आठ भावंडं दाटीवाटीनं बसलेली असतो. त्यातला लाल तो मी. माझ्यावर एक बुटकी किटली काढलेली आहे आणि तिच्या तोटीतून एक थेंब पडतो आहे. पुष्कळांना ती चहाची वाटते. ती तेलाची आहे. इंजिनात तेल नीट फिरतंय की नाही, एवढंच सांगायचं माझं काम.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. केसांना जाळी बांधलेल्या एका बाईनं मला चिमट्यानं उचलून जागेवर बसवलं, वीज सोडली, मी लागलो; वीज बंद केली, मी विझलो. "हा बरा आहे," असं स्वतःशीच म्हणून तिनं पुढचा उचलला. माझ्याकडे इतकं नीट पाहणारं माणूस पुढे फारसं भेटलं नाही, म्हणून ती लक्षात राहिली.

दिव्याला लागायला आवडत असेल असं लोकांना वाटतं. माझं उलटं आहे. किल्ली अर्धी फिरवली की आम्ही सगळे एकदम लागतो. ती आमची हजेरी. इंजिन सुरू झालं की एकेक जण विझत जातो. मी विझलो म्हणजे सगळं ठीक. माझं सगळं सुख विझून राहण्यात आहे.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण ती भल्याभल्यांना माहीत नसते. तेल जरा कमी झालं म्हणून मी लागत नाही. तेलाचा दाब पडला की मी लागतो. म्हणजे मी लागेपर्यंत उशीर झालेलाच असतो. तेव्हा गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. त्या वळणापर्यंत, पुढच्या पंपापर्यंत, असलं काही नाही. तिथल्या तिथे बंद. दाब पडल्यावर आत लोखंडाला लोखंड घासतं आणि त्याला कुणाची दयामाया नसते.

आमचा मालक चौकटी बनवायचा. लोक फोटो, चित्रं, मुलांची प्रशस्तिपत्रकं आणून द्यायचे. हा पट्ट्या कापून, काच बसवून परत करायचा. मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळलेल्या काचा असायच्या, म्हणून गाडी फार जपून चालवायचा. माणूस टापटिपीचा. पायपुसणीवर खडा दिसला तरी गाडी थांबवून बाहेर टाकायचा. मात्र बॉनेट उघडायचं त्याच्या जिवावर येई. दिसतं ते चकचकीत ठेवायचं आणि आत जे असेल ते मेकॅनिक बघेल, असा त्याचा हिशेब.

एके दिवशी भर रस्त्यात मी लागलो आणि विझेचना. मालकानं घाबरून गाडी थांबवली, ओढून मेकॅनिककडे नेली. मेकॅनिकनं दाब मोजला आणि तो हसला. "तेल ठीक आहे हो. इंजिनवरचा स्विच गेलाय, तो उगाच दिव्याला लावतोय. मागवून घेतो. आला की या."

स्विच यायला वेळ लागला. तोवर मी दिवसभर तसाच पेटलेला. मालकाच्या डोळ्यांपुढे सतत लाल. तो वैतागला. त्याच्या शेजारी एक गृहस्थ राहत. त्यांनी आयुष्यात कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण त्यांना सगळंच माहीत असल्यामुळे गल्लीत त्यांना प्रोफेसर म्हणत.

"पट्टी चिकटवून टाक," प्रोफेसर खिडकीतून डोकावत म्हणाले. "माझ्या आधीच्या गाडीत तीन दिव्यांवर होत्या."

"आणि ती गाडी कुठं आहे आता?"

"विकली. ते वेगळं."

मालकानं काळी चिकटपट्टी घेतली. काम हातातलं होतं. माझ्या आकाराचा चौकोन धारदार पात्यानं असा नेमका कापला की मूळच्या काळ्या काचेत तो मिसळून गेला. कडेनं रेघभरसुद्धा उजेड बाहेर येईना. माझ्यावर कुणी एवढं मन लावून काम केलं नव्हतं, पण ते मला बुजवायचं काम होतं.

पुढे स्विच आला, मेकॅनिकनं बसवला, मी विझलो. "आता ती पट्टी काढून टाका," तो म्हणाला.

"काढतो की," मालक म्हणाला. "डिंक राहतो मागे, तो निवांत साफ करावा लागेल." तो निवांतपणा कधी आला नाही. माणसांचं असं का होतं, मला कळत नाही. मोठी अडचण दूर झाली की तिच्यासाठी केलेला तात्पुरता जुगाड तसाच राहतो आणि काही दिवसांनी तो होता हेही कुणाला आठवत नाही.

पट्टी बसल्यापासून मला दिसायचं बंद झालं. ऐकू मात्र येई.

मालकाच्या बायकोची मोठी बहीण दूरच्या एका गावी एकटी राहायची. तिला झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही अर्धंच उरलं. कामाला बाई होती, पण बहीण ती बहीण. तिथं जायला दोन बस बदलाव्या लागत आणि त्याच दिवशी परत येणं होत नसे. मालकाच्या बायकोनं बरेच दिवस विचार करून एका संध्याकाळी गाडीतच विषय काढला.

"अहो, मी गाडी शिकू का?"

"तू?"

"का? शिकत नाहीत बायका?"

"तसं नाही गं. या वयात…"

"वय काय गाडीला दाखवायचंय?"

मालक हसला, आणि शिकवायला तयार झाला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. पहिल्या दिवशी तिला स्टिअरिंगवर बसवून त्यानं किल्ली अर्धी फिरवायला लावली. आम्ही सगळे लागलो. तो एकेक दाखवू लागला. "हा बॅटरीचा. हा हँडब्रेकचा. हा दाराचा. हा पेट्रोलचा." मी काळोखात माझ्या नावाची वाट बघत होतो. "एवढे लक्षात ठेव, बस झालं," असं म्हणून तो क्लचकडे वळला.

ती शिकली. गाडी बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, तेव्हा ती त्यांच्याशी आतल्या आत भांडायची. "थांब रे बाबा, तुझं काय लग्न चुकतंय का?" पुढे पुढे गाडी बंद पडेनाशी झाली. आठवड्याच्या सुट्टीला ती एकटी बहिणीकडे जाऊ लागली. जाताना गुणगुणायची. बहिणीची नखं काढायची, केस धुवायचे, काय काय सांगायचं, ते सगळं वाटेत मोठ्यानं ठरवायची. फोनवर बहीण अडखळत म्हणायची, "छोटे… ये," आणि ही म्हणायची, "निघाले ताई, आता कुणाच्या बापासाठी थांबायची नाही."

पट्टीआधी ती कधी स्टिअरिंगवर बसली नव्हती, म्हणून तिचा चेहरा मी पाहिला नव्हता. पण गाडीत बसणाऱ्यांपैकी मला तीच आवडायची.

बहिणीच्या घराच्या गल्लीत एक मोठा दगड जमिनीतून वर आला होता. एकदा गाडीचं पोट त्याच्यावर घासलं. आवाज झाला तशी ती खाली उतरली, वाकून पाहिलं असावं, पण तेलाच्या टाकीला गेलेला तडा बारीक होता. तेल थेंब थेंब गळू लागलं.

तिला शंका आली होती, हे मी शपथेवर सांगेन. दोन दिवसांनी तिनं मालकाला दारातूनच हाक मारली. "अहो, गाडीखाली डाग पडलाय बघा."

"एसीचं पाणी असेल."

"काळपट वाटतोय."

"जमिनीवरची धूळ मिसळते गं पाण्यात."

त्यानं खाली वाकून बोट लावलं असतं तर कळलं असतं. पाणी बोटावरून निघून जातं, तेल बुळबुळतं आणि नखात काळं राहतं. रात्री गाडीखाली एखादा पुठ्ठा टाकून ठेवला तरी सकाळी तो सगळं सांगतो. आणि खरं म्हणजे तेवढंही नको. सपाट जागी, इंजिन बंद करून थोडं थांबायचं. इंजिनात खोचलेली तेल मोजायची पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत आत घालून पुन्हा ओढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेखाली गेलं तर घालायचं, पण वरच्या खुणेच्या वर नाही. जास्तीचं तेलही इंजिनाला बाधतं. दात घासायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो याला. आमच्या घरी हे कुणी केलं नाही. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं आणि मालकाला बॉनेट नकोसं व्हायचं.

त्या सुट्टीच्या सकाळी ती निघाली. वस्ती मागे पडली, चढ लागला, आणि मला खालून वीज आली. मी लागलो.

मी जिवाच्या आकांतानं पेटलो. माझा सगळा लाल त्या काळ्या चौकोनावर आपटत होता आणि तिथंच जिरत होता. पलीकडे ती गुणगुणत होती. शेजारची भावंडं शांत होती. त्यांच्या खात्यात काही बिघडलं नव्हतं. इंजिनातून टिकटिक ऐकू यायला लागली. तिचं गुणगुणणं थांबलं. तिनं गाडी कडेला घेतली.

मला वाटलं, वाचलो. आता किल्ली फिरव. बंद कर.

इंजिन चालूच ठेवून तिनं फोन लावला. "अहो, गाडी कसला तरी आवाज करतेय. टिक टिक असा."

सुट्टीलाही मालक दुकानातच होता; तिथून त्याचा आवाज आला. मागे करवत चालली होती. "दिवा कुठला लागलाय का?"

"नाही. एकही नाही."

"मग काही नाही. चढावर तू खालचा गिअर टाकत नसशील. इंजिन ओढतंय. पोहोच ताईकडे, येताना बघू."

"नक्की ना?"

"अगं, दिवा नाही ना लागला? मग जा."

ती गेली. चढ संपायच्या आत टिकटिकीची ठकठक झाली, मग एक कर्कश ओरखडा, आणि इंजिन जागच्या जागी आवळलं. गाडी थोडी घरंगळली, तिनं ब्रेक दाबला. पहिला फोन तिनं बहिणीला केला. "ताई, आज नाही जमणार गं. जेवून घे."

मालक प्रोफेसरांच्या स्कूटरवर मागे बसून आला. ओढून नेणारी गाडी अजून यायची होती. ती बाहेर रस्त्याच्या कडेला उभी होती, प्रोफेसर तिला काहीतरी समजावत होते. मालक एकटा आत बसला. त्यानं किल्ली अर्धी फिरवली. आम्ही लागलो. तो पुटपुटत एकेक दिवा मोजू लागला आणि मध्येच थांबला.

मग नखाचा आवाज. पट्टीची एक कड उचलली गेली. उजेड आत आला आणि कित्येक दिवसांनी मला माणसाचा चेहरा दिसला. माझ्याच लाल रंगात तो खालून उजळला होता. तो मालकच होता, पण मी त्याला एवढा म्हातारा कधी पाहिला नव्हता. त्यानं पट्टी चिमटीत चुरगळली, बाहेर एकदा पाहिलं आणि ती खिशात टाकली. राहिलेला डिंक त्यानं रुमालानं पुसला. स्वच्छ पुसला. तो निवांतपणा त्याला तेव्हा सापडला. मग किल्ली बंद करून तो खाली उतरला.

ओढून नेणाऱ्या गाडीचा मेकॅनिक आला. त्यानं बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी ओढली, ती कोरडी ठणठणीत. खिडकीशी येऊन त्यानं तिला विचारलं, "मॅडम, लाल दिवा लागला नव्हता?"

"नाही."

"असं कसं होईल?" त्यानं हात आत घालून किल्ली फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "हा काय. चांगला लागतोय."

ती खिडकीतून वाकली. तो तिचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. कपाळावर घाम, एका गालावर काळा डाग, बहुधा बॉनेटला हात लावून तोच गालाला लावला असेल. ती माझ्याकडे टक लावून पाहत राहिली.

"हा… इथं होता?"

प्रोफेसर खोकले आणि रस्त्याकडे बघू लागले. मालक टायरकडे पाहत होता.

"मला दिसलाच नाही," ती म्हणाली. मेकॅनिकला नाही, मालकाला. "अहो, मी खरंच पाहिलं होतं. मला नाही दिसला."

मी पेटलेलाच होतो. त्याहून जास्त पेटता येत नाही दिव्याला.

"जाऊ दे," मालक म्हणाला. आवाज फार मऊ होता. "होतं असं. मी काही बोललो का तुला?"

यानंतर काही बघण्यासारखं उरलं नाही. इंजिन गेलं ते गेलंच. नवीन बसवण्यापेक्षा गाडी भंगारात दिलेली बरी, असं ठरलं. मी आता भंगारवाल्याच्या आवारात आहे. पुढची काच गेली आहे, एक दरवाजा गेला आहे. बॅटरी कुणीतरी काढून नेली.

गाडी तुटायच्या आधी ती दोघं एकदा सामान न्यायला आली. तिनं डिकीतून चादरी काढल्या, बहिणीसाठी घेतलेली उशी काढली. मग दमून जरा टेकली. टेकली ती चालकाच्या शेजारच्या जागेवर. चालकाची जागा मोकळी होती, गाडी कुठंही जाणार नव्हती, तरी.

"नवीन गाडी घेतलीय ना, ती तू चालव," मालक बाहेरून म्हणाला. "ताई विचारत असतात."

"नको हो. माझं लक्ष नसतं. कधी कुणाला मारून बसेन." उशी मांडीवर घेऊन ती तिचा अभ्रा सरळ करत राहिली. "तुम्हाला सवड होईल तेव्हा जाऊ."

मालकानं तोंड उघडलं. मला दिसत होतं, शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. सगळी भावंडं विझलेली, मीही विझलेला, आणि तरी मी त्याच्याकडे बघत होतो. मग त्यानं ओठ मिटले.

"बरं," तो म्हणाला. "बघू. सवड झाली की."

ती गेली. आता हातोडेवाले आवाराच्या त्या टोकापासून एकेक गाडी उरकत येत आहेत. माझ्या सांगण्यानं काही बदलेल असं मला वाटत नाही. पेटून सांगितलं तेव्हा बदललं नाही, तर विझून सांगून काय होणार. तरी तुमच्याकडे गाडी असेल तर उद्या सकाळी किल्ली अर्धी फिरवा आणि आमची हजेरी घ्या. जो लागत नसेल त्याची चौकशी करा. आणि तुमची गाडी घरातलं आणखी कुणी चालवत असेल, तर त्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येक दिवा बोट लावून दाखवा. एकही सोडू नका.