न आवळणारी गाठ

आमच्या वाडीत रेंज येत नाही, ती आंबेनळी घाटाच्या वळणावर येते. तिथल्या कठड्यावर मी आणि माझ्या सासूबाई साळूबाई सकाळपासून बसलो होतो, कारण माझा नवरा दीपक कालपासून फोन उचलत नव्हता.

मुंबईत तो एका मालिकेत काम करतोय. तीनशे वर्षांपूर्वीच्या समुद्री चाच्यांची खरी हकिगत, मधे मधे नटांनी करून दाखवलेली. सावित्री नदीचा पूर सोडला तर ज्यानं पाणी पाहिलं नाही तो चाचा झाला, म्हणून मी त्याची भरपूर टर उडवली होती. काल त्याला फाशी देणार होते. आता मला माझ्याच जिभेचा राग येत होता.

निघताना आईंनी त्याला बजावलं होतं, "फास दुसऱ्याला बांधू देऊ नको. आपली दाव्याची गाठ मार." गुराच्या गळ्यात मारतात ती गाठ, कितीही हिसका बसला तरी आवळत नाही. दोराचं टोक पीळ देऊन मागं दुमडायचं, ही आईंची पद्धत. वाडीत दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात तशी गाठ दिसायची नाही.

दुपारी दीपकच्या एका सोबत्यानं सेटवरचा व्हिडिओ पाठवला. फळीवर दोन चाचे, सारखेच कपडे, तोंडांवर काळ्या पिशव्या. फळी वेळेआधीच सरकली. उजवीकडचा सैल फासातून निसटून खाली पडला. डावीकडच्याचा फास आवळला. आरडाओरडा झाला नि व्हिडिओ संपला.

आईंनी फोन डोळ्यांशी नेला.

"परत लाव गो. थांब, थांब! उजवीकडचा आपला. ही माझी गाठ हाय."

मी रडता रडता हसले. डावीकडच्यालाही आई असेल, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मी स्पीकर लावला.

"वहिनी, मी राहुल, दीपकदादाबरोबर काम करतो. मी लय घाबरलो होतो, म्हणून दादानं आधी माझी गाठ मारली. स्वतःची मारायच्या आत शॉट सुरू झाला. हॉस्पिटलात हाय तो. शुद्धीवर आलाय, पण गळा सुजलाय, बोलता येत नाय. फोन त्याच्या कानाला लावतो, तुम्ही बोला."

आईंनी फोन हिसकावला.

"आधी आपली मारायची रे!" त्या ओरडल्या. "एवढं सांगून धाडला होता ना तुला?" मग त्यांचा आवाज खाली आला. "त्या पोराची गाठ मात्र बरोबर मारलीस."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. आम्ही दोघी तो ऐकत बसलो.