आडवा ताण

नांदेडच्या प्रयोगशाळेत जे दिसलं होतं, त्यावर सबिहाचा पूर्ण भरवसा होता. मक्यापासून केलेलं कडक प्लास्टिक आणि त्यात मिसळलेलं दुसरं मऊ प्लास्टिक, दोन्ही कंपोस्टमध्ये कुजणारी. या मिश्रणाची पट्टी गरम असताना ताणली की आतले गुंतलेले लांब रेणू सरळ होतात, शेजारी शेजारी बसतात आणि त्यांचे बारीक स्फटिक भराभर जमतात. न ताणता नुसतं निवू दिलं तर तेच काम रेंगाळतं. ताणलेली पट्टी तिला हातानं तोडता येत नसे.

लातूरच्या गुरुलिंगचा पिशव्यांचा छोटा कारखाना होता. डाळमिलवाले त्याचे गिऱ्हाईक. त्यानं सबिहाचं भाषण कुठल्याशा मेळाव्यात ऐकलं आणि तिला बोलावून घेतलं. ती एसटीनं गेली. त्याच्या यंत्रात वितळलेलं प्लास्टिक गोल फटीतून वर यायचं, हवेनं फुगायचं आणि वरचे रोलर तो उंच फुगा ओढून घ्यायचे. सबिहानं सांगितलं, रोलर जमतील तितके जोरात पळवा. फिल्म चकचकीत निघाली. गुरुलिंगनं ती लांबीत ओढून पाहिली आणि खूश होऊन मिलवाल्या ईश्वरप्पांना फोन केला.

ईश्वरप्पांनी पिशवीत तूरडाळ भरली, उचलली, आणि पिशवी केळीचं पान चिरावं तशी वरून खालपर्यंत फाटली. डाळ त्यांच्या बुटात गेली. त्यांनी बूट झटकले, चहा घेतला आणि गेले. गुरुलिंगनं दोष स्वतःच्या जुन्या यंत्राला दिला, त्यामुळं सबिहाला जास्तच ओशाळवाणं झालं.

परतीच्या बसमध्ये तिच्या हातात फिल्मचा तुकडा होता. ती तो चाळा म्हणून ओढत होती. उभा ओढला तर हलेना. आडवा ओढला तर दोन बोटांत चिरला. अहमदपूर येईपर्यंत ती त्याच्याकडंच बघत बसली. आजवरची प्रत्येक पट्टी तिनं एकाच दिशेनं कापली होती, त्याच दिशेनं ओढून मोजली होती.

प्रयोगशाळेत तिनं आडव्या पट्ट्या कापून पाहिल्या. शंका खरी निघाली. सगळे रेणू नांगराच्या तासांसारखे एकाच दिशेला लागले होते, आणि दोन ओळींमधली पकड अगदी कच्ची होती. तिनं गुरुलिंगला फोन लावला.

"लई ताणलं की तुटतंयच, म्याडम," तो समजूत घालत म्हणाला.

"किती ताणलं ते चुकलं नाही, भाऊ. एकाच अंगानं ताणलं, ते चुकलं."

ती पुन्हा लातूरला गेली. आता रोलर हळू ठेवायचे आणि फुगा रुंद करायचा, म्हणजे फिल्म उभी आणि आडवी दोन्हीकडून ताणली जाईल. गुरुलिंगला फुगा फुटायची भीती होती. तो फुटलाच. ओल्या धोतरासारखा यंत्रावर पसरला, आणि सगळं खरवडून साफ करण्यात सकाळ गेली. मग दोघांनी हवा थोडी थोडी वाढवत नेली. दुपारी एकदाचा गरगरीत फुगा स्थिर उभा राहिला. सबिहानं त्या फिल्मची पट्टी कापून ओढून पाहिली. पट्टी पहिल्याइतकी उभी घट्ट नव्हती, पण आडवी ओढली तरी चिरेना.

ईश्वरप्पा आले ते यावेळी चप्पल घालून, आणि चार हात लांब उभे राहिले. डाळ गुरुलिंगनं भरली. पिशवी टिकली. मग त्यांनी पुढं होऊन ती स्वतः उचलली, आपटली, पुन्हा आपटली.

"ठीक हाय," ते म्हणाले. "उन्हाळाभर गोदामात ठेवून बघतो, मग बोलू."

उन्हाळ्यानंतर त्यांनी किलोच्या पिशव्या घ्यायला सुरुवात केली. पाच किलोची अजून जमलेली नाही. त्यासाठी सबिहा अधूनमधून लातूरला जाते. बिलकीस, तिची आई, सगळ्यांना सांगते की लेक तिकडं फुगे फुगवायला जाते, आणि सबिहा तिला दुरुस्त करत नाही.