वेदीसमोर ठेवलेला झेला

मी एक जुना झेला आहे. उंच झाडावरचं फळ खाली न पाडता काढायची काठी. टोकाला लोखंडी दात, दातांखाली कापडी बाही आणि बाहीच्या तळाशी पिशवी. माझी सगळी हकिगत १९८३ सालच्या ऑक्टोबरातल्या चार दिवसांत अडकून बसली आहे, रविवार ते बुधवार. मित्रांनो, त्या चार दिवसांत माझं नेमकं बरं झालं की वाईट, हे मला अजूनही धड कळलेलं नाही. तरी जसं घडलं तसं सांगतो.

बोडन सरोवराच्या काठी, बव्हेरियातल्या एका लहानशा गावात वालबुर्गाबाईंची सफरचंदांची बाग होती. नवरा आन्सेल्म वारला आणि पुढच्याच हंगामात बाई शिडीवरून पडल्या. कंबर सांधली, पण शिडी कायमची सुटली. झाडं पणजोबांच्या वेळची, घराहून उंच. "तोडून टाक ती आणि बुटकी लाव," असं जो तो सांगू लागला. बाईंनी झाडं ठेवली आणि मला घडवलं. पण बाहीतून घरंगळलेलं सफरचंद पिशवीतल्या सफरचंदावर आपटे आणि डागाळे. मग एका संध्याकाळी त्यांनी आन्सेल्मची हिरवी, जाड लोकरीची हॅट कापली. तिच्या तीन जिभा करून त्यांनी बाहीच्या आत शिवल्या, एकीखाली एक. आता फळ पहिलीवर टेकायचं, दुसरीवर थबकायचं आणि तिसरीवरून अलगद पिशवीत उतरायचं. त्या दिवशी बाई कितीतरी वेळ एकच सफरचंद माझ्यातून पुन्हा पुन्हा सोडत होत्या.

शेजारच्या गावातला अवजारं बनवणारा कारागीर म्हणाला, "मी असे शेकडो बनवीन. पण आधी पेटंट घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी एखादी मोठी कंपनी हाच झेला विकेल आणि तुमचं नावही कुणाला ठाऊक नसेल."

म्हणून आम्ही म्युनिकला पेटंट वकील डॉक्टर ट्राउटवाइन यांच्याकडे गेलो. त्यांनी मला उलटंसुलटं पाहिलं आणि माझं वर्णन लिहिलं. त्यात 'सफरचंद' नव्हतं, 'हॅट' नव्हती, 'झेला' तर नव्हताच. 'लांबट धारक, त्याच्या टोकास ग्राहक अंग, गोलसर वस्तूंचा वेग कमी करणारे लवचीक अवरोध.' मी घाबरलो. वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचे कागद आले!

"हा हाच का?" बाईंनीही विचारलं.

"हाच. उद्या कुणी लिंबं काढली तरी तो तुमचाच राहावा, म्हणून असं लिहायचं. बुधवारी अर्ज देतो. तोवर हा कुणालाही दाखवायचा नाही. युरोपात नियम कडक आहे. अर्जाआधी लोकांनी पाहिलं, की ते नवं राहत नाही."

बाईंनी मान हलवली. आणि लगेचच्या रविवारी, सुगीच्या प्रार्थनेला, मला चर्चमध्ये नेऊन वेदीसमोर ठेवलं! भोपळे, पाव, द्राक्षं आणि मधोमध मी. चर्चची घंटा वाजवणारा सेवेकरी क्विरिन हा आन्सेल्मचा बालमित्र. त्याने माझ्या बाहीत डेलियाची लाल फुलं खच्चून भरली. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, कुणीतरी फोटो काढला. मी इतका सुखावलो होतो म्हणून सांगू!

सोमवारी बाई फुलं काढायला बसल्या, तर ती निघेनात. दाटीवाटीने अडकली होती.

"फुलं अडकतात, तर सफरचंदंही अडकतील," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी तिन्ही जिभा उसवल्या आणि घंटाघराच्या गोल जिन्यासारख्या तिरक्या, फिरत्या शिवल्या. लगेच वकिलांना फोन केला.

"अहो, कागद टाइप झालेत!"

"मग आणखी एक ओळ टाइप करा."

ते कुरकुरले, पण ती ओळ तिसरा दावा म्हणून जोडली. दावा म्हणजे 'एवढं माझं' असं सांगणारं कुंपण. पहिला दावा मोठा होता: बाहीत जिभा असलेला कोणताही झेला. तिसरा इवलासा: जिभा तिरक्या आणि फिरत्या असतील तरच. बुधवारी, पाच ऑक्टोबरला, अर्ज म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयात दाखल झाला.

पुढे काय चाललंय ते मला कळेना. आधी माझे पूर्वज शोधले गेले, तेव्हा १९११ सालचा एक फ्रेंच झेला सापडला. त्याला जिभा नव्हत्या. दीड वर्षाने माझं वर्णन छापून जगाला दाखवलं गेलं. मला वाटलं, दाखवायचं नाही म्हणाले होते ना? पण अर्जानंतर दाखवलेलं चालतं म्हणे. मग पत्रं, उत्तरं, पुन्हा पत्रं. १९८७ साली पेटंट मिळालं. तेव्हा माझे दावे इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये केले गेले, इटलीसाठी तर सगळं वर्णन इटालियनमध्ये. आणि एका पेटंटाची चार झाली: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली. मी मात्र एकटाच दाराआड उभा.

मंजुरीनंतर नऊ महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. एका मोठ्या कंपनीने घेतली. पुरावा काय, तर चर्चच्या पत्रिकेतला फोटो! वेदीसमोर मी आणि खाली ओळ: 'सजावट: क्विरिन'.

ट्राउटवाइनांनी कपाळाला हात लावला. "बाई, मी सांगितलं होतं, कुणालाही दाखवू नका!"

"मी कुठे कुणाला दाखवला? देवाला दाखवला."

१९९० च्या मार्चमध्ये म्युनिकला सुनावणी झाली. पलीकडे तिघे परीक्षक, अलीकडे टेबलावर मी. फोटोत फक्त डेलिया दिसत होते, आतल्या जिभा दिसत नव्हत्या. त्यामुळे सगळं साक्षीला बोलावलेल्या क्विरिनवर आलं. त्याला आतलं कळलं असेल, तर ते जगालाच कळलं असं धरणार होते.

"तुम्ही बाहीत हात घातला होता का?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"मग फुलं काय फुंकर मारून भरू?"

"आत काय लागलं?"

क्विरिनने बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"तीन जिभा," तो म्हणाला. "आन्सेल्मची हॅट होती ती. लिंडाउच्या बाजारातून मीच त्याला घेऊन दिली होती. हाताला लगेच ओळखू आली. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून घाईघाईने फुलं कोंबली."

पहिला दावा तिथेच संपला, हे मलासुद्धा कळलं.

मग ट्राउटवाइन उठले. "जिभा कशा होत्या? सरळ की तिरक्या?"

"सरळ. एकीखाली एक. म्हणून तर फुलं खाली सरकेनात. शेवटी छत्रीच्या दांडीने ढकलली."

ट्राउटवाइनांनी माझी बाही उघडून त्यानंतर सोमवारी शिवलेल्या तिरक्या जिभा दाखवल्या. परीक्षक आत जाऊन तासाभराने आले. मोठा दावा गेला, तिसरा टिकला. तेवढ्या कुंपणात पेटंट कायम.

परतीच्या गाडीत बाई क्विरिनच्या शेजारी बसल्या. लिंडाउला उतरताना त्याला म्हणाल्या, "एक दिवस खोटं बोलला असतास, तर घंटा वाजायची थांबली असती का रे?"

"घंटा वाजली असती," क्विरिन म्हणाला. "मी वाजवू शकलो नसतो."

कारागिराने तिरक्या जिभांचे झेले बनवले आणि चारही देशांत विकले. कंपनीने सरळ जिभांचे काढले. त्यांत फळं अडकतात अशी तक्रार आली आणि ते बंद झाले. मी मात्र तळघरात पडून राहिलो. माझी एक जीभ कसरीने खाल्ली.

पेटंटाचं आयुष्य अर्जापासून वीस वर्षांचं. त्यानंतर ते सगळ्यांचं होतं. २००३ सालचा पाच ऑक्टोबर, आणि नेमका सुगीच्या प्रार्थनेचा रविवार! बाईंनी मला झटकलं, खाल्लेली जीभ हॅटच्या उरलेल्या तुकड्याने सांधली आणि वेदीसमोर ठेवलं. वीस वर्षांत त्यांनी मला पुन्हा तिथे नेलं नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा क्विरिन डेलिया घेऊन उभा होता.

"घाल आता हात," बाई म्हणाल्या. "कोपरापर्यंत घाल."

ट्राउटवाइन दोन वर्षांनी गेले. क्विरिन त्यांच्यानंतरच्या हिवाळ्यात गेला, त्या दिवशी घंटा कारागिराच्या मुलीने वाजवली. कार्यशाळा आता तीच चालवते. वालबुर्गाबाई ब्याण्णव वर्षं जगल्या. झाडं अजून उभी आहेत, घराहून उंच.

मित्रांनो, मला दाखवलं म्हणून मोठा दावा गेला आणि दाखवलं म्हणूनच छोटा सुचला. यात चूक कुठली आणि बरोबर कुठलं, ते तुम्हीच ठरवा. मला एवढंच कळतं: काही नवं सुचलं, तर आधी ते कागदावर मांडा, आणि मांडून झालं की त्याला दाराआड कोंडू नका. वर्षातून एकदा तरी उन्हात काढा. कसरीला पेटंट वाचता येत नाही.