एका डीव्हीडीत मावलेली हळद

पनवेलच्या लाईन आळीत इलियासच्या स्टुडिओत डीव्हीडी मागायला सहा वर्षांत कोणी फिरकलं नव्हतं. त्यामुळे सुकापूरचा तुळशीराम आपल्या आईला घेऊन आला आणि त्याने डीव्हीडी पाहिजे असं सांगितलं, तेव्हा इलियासने आधी दोघांसाठी चहा मागवला. मग कपाटातून कोऱ्या डिस्कचं पुडकं काढून त्यावरची धूळ रोज पुसत असल्यासारखी पुसली.

आई म्हणजे गोदूबाई, धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिने धवले, म्हणजे विधीची गाणी, गायल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. खारघरच्या एका सांस्कृतिक केंद्राने अशा गायिकांकडून प्रवेशिका मागवल्या होत्या. निवड झाली तर मंचावर गाणं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मांडवात गायलेल्या बाईला पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावाने बोलावणं येणार होतं. अट अशी, की सगळा विधी एकाच डीव्हीडीवर, साध्या प्लेअरवर चालेल असा, आज पाचच्या आत. लिंक आणि पेनड्राइव्ह स्वीकारला जाणार नव्हता. परीक्षक बहुधा ज्येष्ठ होते, आणि प्लेअर त्यांच्या लग्नातला असावा.

विधीचं चित्रीकरण इलियासकडेच होतं. तुळशीरामच्या पुतण्याची, निकेशची, हळद त्यानेच शूट केली होती आणि ती तो आपली सर्वोत्तम कलाकृती मानत असे. ड्रोन होता, धूर होता, हवेत संथपणे उडणारी हळद होती.

एक्स्पोर्टच्या फॉरमॅटची यादी उघडल्यावर तुळशीरामने यातलं सगळ्यात भारी कुठलं ते विचारलं. इलियासने ऐटीत एमपीफोर निवडलं, डिस्क बर्न केली आणि घरून त्याच्या बायकोने, अस्माने, पाठवलेल्या जुन्या प्लेअरमध्ये सरकवली. प्लेअरने आत बसलेली डिस्क नीट फिरवून पाहिली आणि पडद्यावर लिहिलं : डिस्क नाही. सरकारी खिडकीवर असते तशी ही ठाम खात्री होती. मग इलियासला आठवलं, की या जुन्या खोडाला एमपेग-टू फॉरमॅटच लागतो, तोही आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीचा, सेकंदाला पंचवीस चित्रं. त्याचे हात शिवशिवू लागले. सहा वर्षांनी कोणीतरी त्याला खरंच येणारं काम दिलं होतं.

पण हळद होती दोन तास पन्नास मिनिटांची. चांगल्या दर्जात डिस्कवर तासाभराचंच चित्रीकरण मावत होतं. तीन तासांचा पर्याय घेतला तर ड्रोनचं चित्र चौकोनी चौकोनी फुटत होतं आणि निकेशच्या तोंडाच्या जागी लादी दिसत होती. इलियासने कापूया म्हटलं. तासाभराची गाणी ठेवू, बाकीची कोणाला कळणार आहेत?

गोदूबाईने बशी खाली ठेवली.

"आरं बाला, मधीच थांबली तर नवरा अर्धा हलदीचा ऱ्हाईल. तसा कंदी करतात?"

एवढा वेळ ती पडदा बघत होती. तिने विचारलं, हे फुटतंय ते सगळीकडे का नाही फुटत? मागची भिंत तर नीट दिसतेय. इलियास म्हणाला, भिंत हलत नाही ना, मावशी. जे हलतं त्याला जागा जास्त लागते.

"मंग जे नाचतंय ते काढ. मी काय नाचत नाय."

इलियासने दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण उघडलं. स्टँडवरचा हा कॅमेरा त्याने त्या दिवशी कोपऱ्यात चालू ठेवून दिला होता, आवाज सुटू नये म्हणून. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच चित्र होतं : गोदूबाई, तिच्या दोन सोबतिणी आणि भिंत.

"ड्रोन काढायचा?" त्याने विचारलं. घरातलं माणूस काढायचं का, अशा आवाजात.

"इलियासभाय," तुळशीराम म्हणाला, "ड्रोनला कोण बोलवतंय खारघरला?"

सव्वादोन वाजले होते. इलियासने चार महिन्यांची कलाकारी बाजूला सारली, कोपऱ्यातला कॅमेरा टाइमलाइनवर अंथरला, एमपेग-टू, पाल, तीन तासांचा पर्याय निवडला आणि बटण दाबलं. टक्के चढू लागले तसे तिघे खुर्च्या पुढे ओढत गेले. साठ टक्क्यांवर तुळशीरामने पंखा बंद केला, न जाणो वीज कमी पडली तर. चारला दहा कमी असताना डिस्क बाहेर आली, गरम भाकरीसारखी. प्लेअरने ती फिरवली, थोडा विचार केला, आणि गोदूबाई पडद्यावर आली. एकही चौकोन नव्हता. तिच्या बांगड्या मोजता येत होत्या.

इलियासने शटर ओढलं आणि तो स्वतःच गाडी काढून दोघांबरोबर खारघरला गेला.

केंद्रातल्या कारकुनाने नियमाप्रमाणे डिस्क लावून पाहिली. दोन मिनिटं बघायचं होतं. सहाव्या मिनिटाला त्याने आवाज वाढवला. शेजारच्या खोलीतल्या दोन बायका येऊन दारात उभ्या राहिल्या. मग त्याने पोचपावतीवर लिहायला नाव विचारलं, गायिकेचं.

"गोदू नामदेव पाटील," ती म्हणाली, आणि तो लिहीपर्यंत त्याच्या पेनाकडे बघत राहिली.

चित्रीकरण कोणाचं, असा रकाना पावतीवर नव्हता. इलियासने ती दोनदा उलटून पाहिली, आणि पार्किंगमध्ये जाताना तुळशीरामला सांगितलं की निवड होणारच, आवाजच तसा आहे.