सतरावा प्रश्न

आमच्या विद्यापीठातल्या मुलांचं या पृथ्वीवर इतकं प्रेम असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझ्या सर्वेक्षणाचे दोनशे चाळीस फॉर्म भरून आले आणि जो उघडावा त्यात 'पूर्ण सहमत'. तेल-कोळसा उपसण्याऐवजी पुन्हा उगवणाऱ्या गोष्टींपासून वस्तू कराव्यात का? पूर्ण सहमत. त्या महाग पडल्या तरी घ्याल? पूर्ण सहमत. एकच मोबाइल निदान पाच वर्षं वापराल? पूर्ण सहमत! हे लिहिणाऱ्याच्या हातातला फोन मी पाहिला होता. त्याच्या काचेवरचा कंपनीचा पातळ कागदसुद्धा अजून निघाला नव्हता.

या प्रेमामागे एक पेन होतं. फॉर्म भरेल त्याला मी मक्यापासून बनवलेलं हिरवं पेन देत होते, आणि फुकट ते पौष्टिक. फॉर्म ठेवले होते आत्याच्या दुकानात. विद्यापीठाच्या फाटकासमोर तिचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे, वर दोन खोल्या, त्यातली एक माझी. आत्याने पहिल्याच दिवशी एक पेन लॅमिनेशनच्या तापलेल्या मशीनवर ठेवलं आणि ते कमरेत वाकलं.

"बघ, किती नम्र आहे," आत्या म्हणाली.

मला राग आला. मला राग पटकन येतो, आणि त्या पेनावर तर माझा फार जीव होता.

आता सतराव्या प्रश्नाचं सांगते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो मुद्दाम घालायला लावला होता: 'तुम्ही हे वाचत असाल, तर इथे फक्त “असहमत”वर खूण करा.' ज्याने दुसरी कुठलीही खूण केली त्याने न वाचता फॉर्म भरला, म्हणून तो बाद. टाइप करताना मी हसले होते. इतक्या बाळबोध सापळ्यात कोण अडकणार?

दोनशे तीन जण अडकले.

मी तीनदा मोजलं. सदतीस फॉर्म उरत होते आणि मॅडमची अट निदान दीडशेची. शुक्रवारी साडेचारच्या आत अहवालावर त्यांची सही झाली नाही तर माझं वर्ष गेलं. आज बुधवार. मी काउंटरवर डोकं टेकलं आणि चक्क रडले.

"एवढंच ना?" आत्याने कोऱ्या कागदाची बोटभर पट्टी कापली आणि झेरॉक्सच्या काचेवर चिकटवली. "फॉर्म ठेवायचा, सतरावा प्रश्न पट्टीखाली गेला, की बटण. अर्ध्या तासात तुझे सगळे फॉर्म शुद्ध."

"अगं, सोळानंतर एकदम अठरा येईल! मॅडम वाचतील ना."

"वाचतील?" आत्याने भुवया उडवल्या.

चूक आहे हे मला कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर आख्खी पट्टी होती. मी गठ्ठ्यातला सर्वांत वरचा फॉर्म उचलला आणि काचेवर पालथा घालण्याआधी सहज पाहिला. फॉर्म क्रमांक एक. कोपऱ्यात लिहिलेलं, 'वेळ: चार मिनिटं.' अक्षर माझं.

फॉर्म भरायला किती वेळ लागतो ते पाहायला तो मीच भरला होता, आणि भरलेला आहेच तर मोजून टाकू म्हणून गठ्ठ्यात घातला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण सहमत. सतराव्यालाही. स्वतः टाइप केलेल्या सतराव्यालाही!

आत्या इतकी हसली की तिला स्टूल घ्यावं लागलं. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" एवढंच तिला बोलता आलं.

मी तिच्यावर ओरडले. पण मोजल्यापासून मी त्या दोनशे जणांना मनातल्या मनात ढोंगी म्हणत होते. खरंच लाज वाटली. मी काचेवरची पट्टी नखाने खरवडून काढली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच ते सदतीस फॉर्म नीट वाचले. त्यात सलग 'पूर्ण सहमत' कुणाचंच नव्हतं. कुणी समासात लिहिलं होतं, 'महाग असेल तर नाही घेणार, खोटं कशाला बोलू?' कुणी विचारलं होतं, 'पेनासाठी मका लावला तर खायला काय लावायचं?' एकीने लिहिलं होतं, 'पेन छान आहे, पण आतली रिफिल प्लॅस्टिकचीच आहे.' मी पेन उघडून पाहिलं. होती.

हे लोक विरोधात नव्हते. पुन्हा उगवणाऱ्या गोष्टींवरची ही नवी अर्थव्यवस्था त्यांना हवीच होती, फक्त ते तिला प्रश्न विचारत होते. अहवालात मी तेच लिहिलं. आणि पान एकोणीसवर: ग्राह्य फॉर्म सदतीस, न वाचता भरलेले दोनशे तीन, त्यात फॉर्म क्रमांक एक संशोधिकेचा स्वतःचा.

शुक्रवारी साडेतीनला मॅडमच्या टेबलावर अहवालांची चळत होती आणि कानाला फोन. माझा अहवाल त्यांनी घेतला, थेट शेवटचं पान काढलं, माझ्याच हिरव्या पेनाने सही ठोकली आणि फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "छान विषय. पुढच्याला पाठव."

झालं. वर्ष वाचलं. मी अहवाल छातीशी धरून दारापर्यंत गेले. बाहेर रांगेत सात जण उभे होते. नुसता उंबरा ओलांडायचा होता. माझा हात कडीवर होता आणि मला सारखी काचेवरची ती पट्टी आठवत होती.

मी परत फिरले. "मॅडम, एकोणिसावं पान वाचा ना."

"का? काय आहे तिथे?"

"दीडशे नाहीयेत. सदतीसच आहेत."

मॅडमनी फोन ठेवला. अहवाल पुन्हा ओढून घेतला, सहीवर आडवी रेघ मारली आणि चष्मा लावला. त्यांनी एकोणिसावं पान वाचलं, मग पहिल्यापासून सुरुवात केली. रांगेतल्या एकाने दार उघडून पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. चार वाजले. सव्वाचार झाले. 'रिफिल'पाशी त्यांनी हातातलं पेन उघडून आत पाहिलं.

शेवटी त्यांनी मान वर केली. "न वाचणारे किती म्हणालीस?"

"दोनशे तीन, मॅडम."

त्यांनी खोडलेल्या सहीखाली नवी सही केली आणि अहवाल माझ्याकडे सरकवला.

"दोनशे चार कर," त्या म्हणाल्या.