चंपतरावांची अरुंधती

मरणाला भिणारा माणूस जगायच्या लायकीचा नाही, असं हेडक्लार्क चंपतराव बोंद्रे ऑफिसात चहाच्या वेळी ठासून सांगत. १९७४ च्या मे महिन्यात, लग्नाच्या वाढदिवशी, गच्चीवर उभ्या उभ्या ते गारव्यासाठी पाणी शिंपडलेल्या ओल्या फरशीवर धोतरासकट मटकन बसले. अरुंधती दिसत नव्हती.

वीसेक वर्षांपूर्वी नरखेडकडच्या एका गावात, मांडवाबाहेर भटजींनी नव्या जोडप्याला बोटाने ती दाखवली होती. सप्तर्षींच्या शेपटापासून वीतभर अलीकडे, विझत आलेल्या विडीसारखा एक मिणमिणता लाल ठिपका. सौभाग्यवती म्हटल्यावर कुंकवाचा रंग असणारच, असं स्पष्टीकरण चंपतरावांनी स्वतःच जोडून टाकलं. तेव्हापासून दर वाढदिवसाला ते तिला बघून येत. बायकोला लुगडं घेण्यापेक्षा हे सोपं होतं.

आज तिथे नुसता अंधार होता. चंद्र नाही, ढग नाही, धुरळा नाही. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते तो सहा महिन्यांत जातो, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं आणि मोठेपणी अंधश्रद्धा म्हणून निकालात काढलं होतं. ती फाईल आता आपोआप उघडली. सहा महिने म्हणजे दिवाळी. फार ओढूनताणून देवदिवाळी.

दुसऱ्या दिवशी ते सीताबर्डीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डोळे बिघडलेले निघू देत, असा नवस बोलूनच आत शिरले. डॉक्टरांनी दोन्ही डोळे उघडून, मिटून, बॅटरी मारून पाहिले आणि पाठीवर थाप दिली.

"फर्स्टक्लास! नंबरसुद्धा तोच आहे. काही काळजी करू नका."

चंपतरावांना दरदरून घाम फुटला. डोळे ठीक, म्हणजे मग राहिलं ते एकच.

बाहेर फुटपाथवर एक जण छत्र्या विकत होता. "घ्या जी, दहा वर्षं काही होत नाही इले!"

चंपतराव तिथून जवळजवळ पळालेच.

रात्री त्यांनी शेजारच्या गच्चीवर खाट टाकणाऱ्या मारोतरावांना सहज विचारल्यासारखं केलं. "मारोतराव, तुमाले अरुंधती दिसते का गा?"

"दिसते ना! लखलखून राहिली. काहून, तुमाले नाही दिसत?"

"दिसते, दिसते!"

"नाही दिसली त सांगजा. तेरवीले बुंदी मात्र चांगली ठेवजा, बरं का!" मारोतराव पोट धरून हसले. चंपतरावही हसले. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला त्याने खालचं कुत्रं उठून बसलं.

साऱ्या नागपूरला दिसत होती. फक्त त्यांना नाही.

जेवण सुटलं. झोपेत आपला श्वास बंद पडेल म्हणून ते जागेच राहून श्वासावर लक्ष ठेवू लागले. ऑफिसात कोणी "पुढच्या वर्षी" म्हटलं की छातीत कळ येई. शेवटी एका रात्री बायको भागीरथा त्यांना बोलवायला गच्चीवर आली.

"काहून जी, रोज आभाळात काय पाहून राहिले? भाकर थंडी होऊन राहिली."

"भागीरथा, मी दिवाळीले नाही वं राहत."

"काहून? टूरवर चालले का?"

"मले अरुंधती दिसत नाही."

भागीरथेच्या हातातला तांब्या खाली पडला. तिने त्यांचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी वाढली. म्हणाली, "कुठं पाहून राहिले? बोट दाखवा."

त्यांनी बोट वर केलं. तिने बोटाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, पुन्हा बोटाकडे पाहिलं.

"तिथं कायले असन अरुंधती? तिकडं पाहा. शेपटाचा मधला तारा, त्याले चिकटून बारीक."

चंपतरावांनी पाहिलं. पांढरी, स्वच्छ, लख्ख.

तरी जीव भांड्यात पडेना. मग लाल होती ती कोण? खाली भाड्याने राहणारे, कॉलेजात फिजिक्स शिकवणारे गणपतराव हाकेसरशी वर आले आणि त्यांनी ती जागा विचारून घेतली.

"तो रूपविकारी तारा आहे," ते म्हणाले. "लाल राक्षसी जातीचा. म्हातारा. फुगतो, आटतो, काही महिने जेमतेम दिसतो, काही महिने नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. त्याचा फेरा जवळजवळ वर्षाचा; तुम्ही वर्षातून एकदाच बघता, म्हणून आजवर सापडत गेला, यंदा हुकला."

चंपतरावांनी मोठा श्वास घेतला आणि मग ते बायकोवर उखडले. "तुले ठाऊक होतं, त तवाच काहून नाही सांगितलं वं?"

"नवी नवरी भर वऱ्हाडात भटजीले म्हणन का, का तुमचं बोट चुकलं म्हणून?"

त्या भटजींच्या दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लग्नाच्याच वर्षी पावसाळ्यानंतर झालं होतं.